एकाच तळघरातल्या दोघी: लेओव्हिल बार्टन आणि लांगोआ बार्टन, २०१४

या दोघी म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोच्या दोन लाल वाइन. आधी निकाल सांगून टाकते. लेओव्हिल बार्टन २०१४ जरूर घ्या, मात्र बूच काढून लगेच प्यायची असेल तर घेऊ नका. लांगोआ बार्टन २०१४ तिच्याहून बरीच स्वस्त मिळते. तीही घ्या, आणि ती आधी संपवा. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथे थांबले तरी चालेल. बाकीच्यांसाठी जरा पसरट लिहिणार आहे. मालक एक, साल एक, तळघर एक. मग या दोन बाटल्यांत फरक खरंच आहे का, आणि असला तर तो नेमका कुठे, हे मला स्वतःला तपासून पाहायचं होतं.

मी बोर्दोत राहते, पण वाइनच्या धंद्यातली नाही. माझी नोकरी दुधाच्या पदार्थांची चव तपासण्याची. दही, क्रीम, चीज यांचे नमुने तीन आकडी नंबर टाकून आमच्यापुढे येतात. कुठल्या कारखान्यातला, कुठल्या दिवशीचा, महागातला की स्वस्तातला, काही सांगत नाहीत. रंगावरून अंदाज बांधता येऊ नये म्हणून कधी कधी खोलीत लाल दिवा लावतात. या कामाची सवय लागली की माणूस थोडा खडूस होतो. लेबल वाचूनच कुणी डोळे मिटून मान डोलवायला लागलं, की मला त्याच्या नकळत ग्लास बदलून पाहावासा वाटतो.

असं ग्लास बदलून पाहणं या शहरात रीतसर झालेलंही आहे. २००१ साली मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्द्यू या तिघांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बोर्दोत वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी एक पांढरी वाइन दिली, आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून पुन्हा दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासासाठी मुलांनी लाल फळांचे, लाल वाइनचेच शब्द वापरले. यावरून ‘वाइन चाखणं म्हणजे सगळं थोतांड’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तसं वाटत नाही. नाकाला वास येतो, पण त्या वासाला नाव देताना ते डोळ्यांचं ऐकतं, एवढंच त्यातून कळतं. म्हणून मी वासांच्या याद्यांवर फार विसंबत नाही. ‘काळी चेरी, व्हायोलेट, ओली पानं, पेन्सिलचं शिसं’ वाचून वाइन कशाची आठवण करून देते ते समजतं. ती चांगली आहे का, ते समजत नाही. शिवाय या याद्या लिहिणाऱ्याच्या लहानपणी परसात ब्लॅककरंटचं झुडूप होतं, माझ्या नव्हतं.

आता या दोघींचं घराणं. थॉमस बार्टन नावाचा आयरिश व्यापारी १७२०च्या दशकात बोर्दोत आला आणि वाइनच्या व्यापारात त्याने बक्कळ पैसा केला. पण त्याने इथे द्राक्षबाग घेतली नाही. त्याचा नातू ह्यू याने १८२१ साली बोर्दोजवळच्या सँ-झ्युलियाँ गावातलं शातो लांगोआ, म्हणजे द्राक्षमळा आणि त्यातला वाडा, विकत घेतलं, आणि १८२६ साली शेजारच्या अवाढव्य लेओव्हिल मळ्याचा एक तुकडा. त्या मळ्याचे उरलेले भाग आज लेओव्हिल लास काझ आणि लेओव्हिल प्वाफेरे या नावांनी ओळखले जातात. बार्टनच्या वाट्याला जमीन आली, पण वाडा आला नाही. त्यामुळे लेओव्हिल बार्टनची वाइन लांगोआच्याच तळघरात तयार होऊ लागली, आणि लेओव्हिलच्या लेबलावर जी देखणी इमारत दिसते तीही लांगोआचीच. थोरलीच्या अंगावर धाकटीचे दागिने, असा सगळा मामला. पुढे नवं तळघर बांधलं गेलं, पण २०१४च्या दोन्ही वाइन जुन्याच जागी, त्याच माणसांच्या हाताखाली झाल्या.

मग एक महाग आणि एक स्वस्त का? याचं अर्धं उत्तर १८५५मध्ये आहे. त्या साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं आणि तिथे मांडण्यासाठी बोर्दोच्या दलालांनी मेदॉकच्या (सँ-झ्युलियाँ ज्यात येतं तो बोर्दोचा भाग) लाल वाइनची पाच पायऱ्यांची यादी केली. मेदॉकबाहेरचं एकच नाव तीत आलं, ओ-ब्रियों. लेओव्हिल दुसऱ्या पायरीवर गेली, लांगोआ तिसऱ्या. पण दलाल काही ग्लास घेऊन चाखत बसले नव्हते. बाजारात कुठली वाइन वर्षानुवर्षं काय भावाने जाते ते त्यांच्या वह्यांत होतं, आणि त्यावरून त्यांनी पायऱ्या ठरवल्या. म्हणजे यादी मुळात भावाची. नंतर तिच्याच आधाराने भाव ठरू लागले. त्या यादीत मोठा म्हणावा असा बदल एकदाच झाला, १९७३ साली, मुतों रोथशिल्ड दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर गेली तेव्हा. बाकी सगळे अजून आपापल्या जागी बसून आहेत. १८५५मधल्या दलालांच्या वह्यांचे पैसे मी आज का मोजावेत, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

बार्टन कुटुंबाबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १८५५पासून आजतागायत एकाच कुटुंबाकडे राहिलेली शातो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांत ही दोन्ही येतात. १९८३ साली काकांकडून कारभार हाती घेतलेले अँथनी बार्टन भाव अवाच्या सवा न वाढवण्याबद्दल ओळखले जात. २०२२ साली ते गेले, आता त्यांची मुलगी आणि नातवंडं बघतात. आजूबाजूच्या दुसऱ्या पायरीवाल्यांच्या किमती पाहिल्या की ही जुनी सवय अजून पुरती मोडलेली नाही असं दिसतं. मी एका छोट्या काविस्तकडे (वाइनच्या दुकानदाराकडे) लेओव्हिलचे ८६ युरो आणि लांगोआचे ४८ युरो दिले. २०१० किंवा २०१६ची लेओव्हिल हवी असेल तर शंभराच्या वर जावं लागतं.

२०१४च का, तर ते साल मला मनापासून आवडतं. गाजलेल्या सालांत त्याचं नाव कुणी घेत नाही. जुलै-ऑगस्ट थंड आणि ढगाळ गेले, शेतकऱ्यांनी २०१३ पुन्हा येतंय म्हणून आशा सोडली होती (२०१३ हे अलीकडचं सगळ्यात केविलवाणं साल). आणि मग सप्टेंबरमध्ये ऊन पडलं ते ऑक्टोबरपर्यंत टिकलं. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला नेमकं हेच हवं होतं. मेदॉकच्या उत्तर भागात, म्हणजे सँ-झ्युलियाँ, पोयाक, सँत-एस्तेफ इथे पाऊसही कमी झाला. पिकलेली पण भाजून न निघालेली द्राक्षं हाती लागली. अशा सालाच्या वाइनमध्ये आंबटपणा शाबूत राहतो, दारूचा चटका बसत नाही, आणि पेल्यात फळांचा जॅम ओतल्यासारखं होत नाही. तापलेल्या सालांच्या वाइन पहिल्या घोटाला जिंकतात. माझा अनुभव असा की दुसऱ्या ग्लासानंतर त्या कंटाळवाण्या होतात.

तयारीबद्दल थोडं, कारण महागड्या वाइनची जास्तीत जास्त नासाडी इथेच होते. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला दगडी भिंतींच्या गार घरांतला आहे. आजच्या गरम केलेल्या खोलीत २३ अंशांवर ओतलेली कुठलीही बोर्दो नाकात दारूचा भपकारा मारते आणि सैल लागते. १६ ते १८ अंश ठीक. फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवायला लाजू नका. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवली तर गाळ तळाला बसतो. इतक्या वयाच्या वाइनमध्ये तो फार नसतो, पण शेवटच्या घोटात आला तर जिभेवर रेती आल्यासारखं वाटतं. बूच हुंगण्याचा समारंभ मी करत नाही. बुचाचा रोग असला तर तो वाइनच्या वासात कळतो, ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसट. तो वास देणारं रसायन लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला सापडतं. दोन्ही बाटल्या निर्मळ होत्या.

ग्लास मी घरात होते ते वापरले, म्हणजे इनाओचे छोटे ट्युलिप, चाखण्यासाठीचे ठरावीक आकाराचे. २१५ मिलिलिटरचे, दिसायला अगदी गरीब. मोठ्या फुगीर ग्लासांत वाइन जास्त छान वाटते हे खरं, पण मला ती छान वाटून घ्यायची नव्हती, तपासायची होती. एक तृतीयांश भरायचा, बस.

लेओव्हिल पहिल्यांदा ओतली तेव्हा रंग अजून गर्द होता. मधोमध जवळजवळ अपारदर्शक, कडेला मात्र जांभळेपणा जाऊन डाळिंबी छटा आलेली. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की ही कड नीट दिसते. वय तिथे वाचायचं. विटकरी रंग अजून आलेला नाही, म्हणजे घाई नाही.

पहिला वास, ग्लास न हलवता: फारसं काही नाही. देवदाराचं लाकूड, थोडी कॉफी, बंद कपाट. ग्लास फिरवल्यावर काळं फळ आलं, पण अंतर राखून. कॅबर्नेमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास देणारा एक घटक असतो. द्राक्ष कच्चं राहिलं तर तो सगळं व्यापून टाकतो, पूर्ण पिकलं तर दिसेनासा होतो. इथे तो पाठीमागे जेमतेम जाणवत होता, पानाची देठं खुडल्यावर येतो तितका. काही लोकांना हा दोष वाटतो. मला तो या वाइनमधला सगळ्यात जिवंत भाग वाटला. २०१४चा तो थंड उन्हाळा तिथे आहे.

तोंडात घेतली आणि जरा धक्का बसला. सुरुवात सरळ, आंबटपणा ताठ, आणि मग मध्यावर एकदम कवाड बंद. फळ कुठे गेलं कळेना. तुरटपणा मात्र हिरड्यांवर, गालांच्या आतल्या बाजूला, सगळीकडे. हा तुरटपणा जांभूळ खाल्ल्यावर येतो तसा होता, म्हणजे जीभ जड होते पण खरखरत नाही. बोर्दोत याला बारीक दाण्याचं टॅनिन म्हणतात आणि हे बारीक दाण्याचं प्रकरण मला तरी भोंदूगिरी वाटत नाही. टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट घटक, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचं वंगण कमी होतं, तोंड कोरडं पडतं. यंत्रणा इतकीच आहे. पण ते कोरडेपण एका जागी ओरखडल्यासारखं येतं की सगळीकडे सारखं पसरतं, हा फरक आम्ही दह्याच्या पोतातसुद्धा मोजतो. इथे ते सारखं पसरत होतं.

त्या क्षणी कुणी मला गुण मागितले असते तर मी तिला काटेकोर, सभ्य आणि अबोल म्हणून मधले गुण दिले असते. दुकानात बाटलीच्या गळ्यात शंभरपैकी चौऱ्याण्णव वगैरे चिठ्ठी अडकवलेली असते. ती कुणीतरी अशाच एका क्षणी दिलेली असते आणि वाइन तर दर अर्ध्या तासाला वेगळी असते, ही माझी त्या आकड्यांबद्दलची मुख्य तक्रार.

तासाभराने तिने दार किलकिलं केलं. दोन तासांनी उघडलं. डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या काचेच्या सुरईत, अर्धी बाटली ओतून ठेवली होती, त्यातला ग्लास घेतला तेव्हा कॉफी मागे सरली होती, ओकच्या पिंपांची व्हॅनिला जवळजवळ गेली होती, आणि मधला तो रिकामा भाग भरून आला होता. काळं फळ आता गोड नव्हतं, पिकलेलं होतं. दोन्हींत फरक आहे. पेन्सिल टोकल्यावर येतो तो वास आला, ज्याला सगळे ग्राफाइट म्हणतात. तंबाखूची कोरडी पानं आली. पण मला ज्यासाठी पैसे वसूल झाल्यासारखे वाटले ते यातलं काहीच नव्हतं. घोट गिळल्यावर चव जाते कशी, ते. फ्रेंच लोक यासाठी कॉदाली नावाचं माप वापरतात, एक सेकंद म्हणजे एक कॉदाली. घोट गिळायचा किंवा थुंकायचा आणि वास मावळेपर्यंत मनात मोजायचं. तुरटपणा मोजायचा नाही, तो खूप वेळ राहतोच, वास मोजायचा. लेओव्हिल बाराच्या पुढे गेली. आणि मावळतानाही ती कडवट झाली नाही, पातळ झाली नाही, फक्त आवाज कमी होत गेला.

लांगोआची गोष्ट वेगळी. तिच्यात मर्लो या द्राक्षाचा वाटा जास्त असतो, लेओव्हिलमध्ये कॅबर्ने सोव्हिन्योंचं राज्य. बूच काढल्यावर दहा मिनिटांत लांगोआ गप्पा मारायला लागली. लाल फळ, आलुबुखार, थोडी माती, वर तोच देवदार. तोंडात गोलाई आहे, मध्यावर पोकळी नाही, तुरटपणा समजूतदार. आठ-नऊ कॉदाली. रंगात दोघींत मला डावं-उजवं करता आलं नाही.

आता खरी परीक्षा. आमच्या कामात एक साधी कसोटी असते: तीन नमुने, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखा. काहीच कळत नसलं तरी तीनातून एकदा बरोबर येणारच, म्हणून एकदा ओळखून भागत नाही, पुन्हा पुन्हा ओळखावं लागतं. दोन्ही वाइन सारखाच वेळ हवेत ठेवल्या, एकाच तापमानाला आणल्या. नवरा स्वयंपाकघरात ओतायचा, ग्लासांच्या बुडाला नंबर चिकटवायचा आणि दिवा मंद करून आणून द्यायचा. ‘अगं, पाहुण्यांना आणि हेच सांगणार आहेस का, की मी तुला अंधारात दारू पाजतो?’ असं पुटपुटत का होईना, त्याने काम चोख केलं. थुंकायला वाडगं, मध्ये पाणी आणि बिनमिठाचा पाव, आणि दोन फेऱ्यांत बराच वेळ. तो वेळ महत्त्वाचा. टॅनिन तोंडात साठत जातं, त्यामुळे घाईघाईने चाखलं तर शेवटचा ग्लास नेहमीच जास्त तुरट लागतो आणि आपण त्यालाच ‘वेगळा’ ठरवतो.

निव्वळ वासावर मी गडबडले. कधी जमलं, कधी नाही. पैजेवर पैसे लावण्याइतकी खात्री एकदाही वाटली नाही. म्हणजे ज्या वासांबद्दल रकानेच्या रकाने लिहिले जातात त्यात एका मालकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या वाइन मला वेगळ्या करता येत नव्हत्या, निदान समोर लेबल नसताना. घोट घेतल्यावर मात्र चित्र पालटलं. जवळजवळ प्रत्येक फेरीत बरोबर आलं, आणि ओळख पटत होती ती पहिल्या चवीत नाही, शेवटच्या टप्प्यात. लांगोआ जिभेच्या मध्यावर बसायची आणि तिथेच संपायची. लेओव्हिल मागे जायची, कडेला पसरायची, आणि तिथे थांबायची. दोघींत टॅनिन कमी-जास्त आहे असं म्हणवत नाही. ते बसतं वेगळ्या जागी, आणि टिकतं वेगळा वेळ.

माझ्यासाठी दलालांच्या वहीला इथे दुजोरा मिळाला. फरक आहे. कल्पनेतला नाही. त्या गारगोट्यांच्या जमिनीत काही आहे, किंवा वेलींच्या वयात, किंवा वाणांच्या प्रमाणात, आणि ते ग्लासात पोचतं. गारगोट्यांचं काम तसं सरळ आहे: पाणी झरझर निघून जातं, दिवसाचं ऊन साठतं, आणि उशिरा पिकणारं कॅबर्ने तग धरतं. झिरोंद खाडीच्या काठाने जाणाऱ्या डी-२ रस्त्यावरून गेलात तर हे दगड बघायला मिळतात, पांढरट, अंड्याएवढे, आणि त्यात हे नाजूक म्हणवणारं झाड कसं जगतं याचं नवल वाटत राहतं.

पण फरक ओळखणं ही एक चाचणी आणि आवड विचारणं ही दुसरी. आम्ही या दोन्ही एकाच माणसाकडून एकाच वेळी कधी करून घेत नाही. मी ओळखाओळखी संपवल्यावर नवऱ्याला दोन ग्लास दिले, नाव न सांगता, आणि विचारलं, जेवताना कुठली हवी? त्याने क्षणभरही न थांबता लांगोआ उचलली. दुसरी ‘हुशार आहे पण जेवायला बसायची नाही’ म्हणाला. त्याला किंमत सांगितल्यावरही त्याने मत बदललं नाही, उलट फार खूश झाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या संध्याकाळी, त्या ताटासोबत, लांगोआ जास्त उपयोगी वाइन होती.

ताटात कोकराचं मांस होतं, बाहेरून भाजलेलं, आतून गुलाबी. पोयाकचं कोकरू आणि मेदॉकची लाल वाइन ही इथली ठरलेली जोडी आहे आणि ठरलेल्या जोड्यांवर नाक मुरडण्यात अर्थ नाही. चरबी आणि मीठ आलं की लेओव्हिलचा ताठपणा लगेच निवळतो. खरा घोळ होतो तो चीजवर, आणि इथे मी माझ्या धंद्याच्या अधिकाराने बोलते. लाल वाइनसोबत ब्री किंवा काममबेर ठेवायची जी पद्धत आहे ती टॅनिनच्या वाइनवर अन्याय करते. पिकलेल्या मऊ चीजच्या सालीला जो अमोनियाचा, बुरशीचा वास असतो तो टॅनिनशी भिडला की तोंडात लोखंडाची चव येते. जुनं, कडक, खारट चीज घ्या. दीड-दोन वर्षांचं मिमोलेत किंवा कोंते. दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला पकडतं, तुमच्या लाळेचं काम हलकं होतं आणि फळ मोकळं होतं. मिमोलेतचा तुकडा चावून लेओव्हिलचा घोट घेतला तेव्हा दोन तासांची वाट दोन मिनिटांत आटोपली असती असं वाटलं. निळं चीज असेल तर या दोन्ही बाटल्या बाजूला ठेवा, त्याला सोतेर्न, म्हणजे इथली गोड पांढरी वाइन, लागते.

दुसऱ्या दिवशीचं सांगते. दोन्ही बाटल्यांत थोडी थोडी वाइन उरवली होती, बूच लावून फ्रीजमध्ये. लांगोआ खाली आली होती. फळ फिकं, आंबटपणा पुढे. पिता येत होती, पण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेओव्हिल आदल्या दिवशीच्या उत्तम क्षणाहूनही चांगली होती. देवदार, ग्राफाइट, काळं फळ, सगळं एकमेकांत मुरलेलं, कडा कुठे लागत नव्हत्या, आणि शेवट तितकाच लांब. एका रात्रीची हवा सोसून जी वाइन सुधारते तिला बाटलीत अजून बरीच वर्षं आहेत, असा एक ठोकताळा आहे. अचूक नाही, पण लेबलावरच्या गुणांपेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा आहे. माझ्या मते लेओव्हिल २०१४ आता प्यायला तयार व्हायला लागली आहे, आणि २०३५पर्यंत तिला काही होत नाही. लांगोआ आत्ताच तिच्या ऐन भरात आहे, चार-पाच वर्षांत संपवून टाकावी.

आता पैशांचं. ४८चे ८६ झाले तेव्हा मला चार जास्तीचे कॉदाली, दुसऱ्या दिवसाचा टिकाव आणि पुढची दहा-बारा वर्षं मिळाली. जिला वाइन ठेवायला थंड, अंधारी, न हलणारी जागा आहे तिने हे पैसे द्यावेत. जागा नसेल, किंवा बाटली आणली की त्याच आठवड्यात उघडणार असाल, तर वरचे ३८ युरो फुकट गेले म्हणून समजा, कारण लेओव्हिल तुम्हाला तिची फक्त पाठ दाखवील. उपाहारगृहात तर मी लेओव्हिल कधीच मागवणार नाही. तिथे किंमत दुप्पट-तिप्पट होते आणि दोन तास वाट बघायला कुणी देत नाही. तिथे लांगोआ, डोळे झाकून.

सालांच्या बाबतीत: २०१० मला अजूनही अभेद्य वाटते, सगळं आहे पण कुलूप लावून. २०१६ अप्रतिम आहे आणि हात लावू नये. २०१५ला सँ-झ्युलियाँत सप्टेंबरमध्ये पाऊस झाला. वाइन गोड स्वभावाची आहे, २०१४चा कणा तिच्यात नाही. २०१३ स्वस्तात दिसली तर लांगोआची घ्या आणि अपेक्षा बेताच्या ठेवा.

घेताना बाटलीचा गळा उजेडात धरून वाइनची पातळी बघा, ती गळ्यातच असायला हवी. खांद्याकडे उतरली असेल तर बूच गळतंय किंवा बाटली तापली आहे. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी नको. काविस्त तुम्हाला सहाची लाकडी पेटी घ्यायला सांगील. पेटी सुरेख असते, शातोचं नाव डागलेलं असतं, घरात ठेवलं तर लोक विचारतात. सुट्या मिळत असतील तर दोन लेओव्हिल आणि चार लांगोआ घ्या.